सात अधिक पाच, चाळीस

झटका आला तेव्हा माझा हात गेला नाही, तोंड वाकडं झालं नाही, बोलणंही जिथल्या तिथं राहिलं. गेलं ते गणित. आणि मी भवानीनगरजवळच्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणितच शिकवत आलेली बाई. डोक्यात एवढी अडगळ साठलेली होती, नात्यातल्या भांडणांपासून जुन्या जाहिरातींपर्यंत. त्यातलं काही न्यायचं सोडून त्या झटक्यानं नेमका कामाचा माल उचलला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा होता. सकाळी भाकरी थापताना डोकं जड झालं आणि तव्यावरची भाकरी मला ओळखूच येईना. आमच्या ह्यांनी शेजाऱ्याच्या गाडीत घालून बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला लहानशी गुठळी आहे, वेळेवर आणलंत. दोन दिवसांनी जरा बरं वाटल्यावर त्यांनी माझी परीक्षा सुरू केली. हात वर करा, जीभ दाखवा, हे कोण ते सांगा.

मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "मालक. पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करतात. अख्ख्या गावाच्या दुरुस्त होतात, घरातला पंखा तेवढा ऱ्हायलाय."

डॉक्टर हसले आणि जाता जाता सहज विचारावं तसं म्हणाले, "सात अधिक पाच?"

"चाळीस."

हे मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, चेष्टेचाच पुढचा भाग आहे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी नऊ म्हणाले. तिसऱ्यांदा शहात्तर. ह्यांचं हसणं कुठं थांबलं ते मला अजून आठवतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला काहीच झालं नाही. चाळीस म्हणतानाही समाधान, नऊ म्हणतानाही समाधान. आपण चुकतोय अशी शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

आकडे मला वाचता येत होते, उच्चारता येत होते. फक्त त्यांचा अर्थ निघून गेला होता. सत्तेचाळीस मोठे की चौऱ्याहत्तर, असं कुणी विचारलं की परक्या मुलखातल्या दोन गावांची नावं सांगून लांबचं कुठलं, असं विचारल्यासारखं वाटायचं.

सणसरला घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाचं एकच. हात-पाय शाबूत हायत, खाती-पिती हाय, अल्लाची मेहरबानी, आणखी काय पायजे? मेहरबानी मला मान्य होती, पण "आणखी काय पायजे" ऐकलं की माझं डोकं सटकायचं. सुताराचा रंधा चोरीला गेल्यावर त्याला कुणी म्हणतं का, की बाबा, घर तर हाय न्हवं?

हेडमास्तरांनी जूनमध्ये नवं वर्ष सुरू होईपर्यंतची रजा मंजूर केली आणि "मग बघू" म्हणाले. मी मनाशी ठरवलं, जूनपर्यंत परत आलं तर वर्गात जायचं, नाहीतर स्वतःच्या हातानं राजीनामा लिहायचा. कुणी दया दाखवून मला ग्रंथालयात बसवलेलं मला चाललं नसतं.

आणि भीती बेरीज चुकण्याची नव्हती. बेरीज कुणाचीही चुकते. मीच पोरींना सांगायची, चुका गं, पण चुकलेलं कळू दे. उत्तर आलं की एकदा मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघा. बापाचं वय मुलापेक्षा कमी आलं तर थांबा. गणित म्हणजे हे थांबणं, बाकी सगळी हमाली, असं मी सव्वीस वर्षं बडबडले. आणि आता बाप मुलापेक्षा लहान होऊन दारात उभा राहिला असता तरी मी त्याला बसायला पाट दिला असता.

आमच्या शेजारी एक तात्या राहतात. ऐंशीच्या घरातले, कानानं जरा कमी, पण शेरडं अजून स्वतः राखतात. संध्याकाळी त्यांचा कळप आमच्या ओट्यासमोरून जायचा आणि मला दुसरं काम नसल्यामुळे मी तो बघत बसायची. एके दिवशी कळप गेला आणि मला काहीतरी कमी वाटलं.

"तात्या, एखादं ऱ्हायलं का मागं?"

"कंचं?"

"ते न्हाय सांगता यायचं. पण कमी वाटतंय."

तात्यांनी कळपावरून नजर फिरवली. "व्हय की. बांडी पाटी न्हाय." ते काठी घेऊन उलटे गेले आणि कालव्याच्या चारीच्या कडेला तारेत अडकलेली ती तरणी शेळी सोडवून घेऊन आले. मी विचारलं, "तुमी रोज मोजता का हो?"

"मोजायचं कशाला? पोरं जेवाया बसली की आई मोजती व्हय?"

मी ओट्यावर बसून विचार करत राहिले. मला शेरडं किती ते सांगता येत नव्हतं, पण एक कमी आहे ते कळलं होतं. बी.एड.ला असताना कधीतरी वाचलं होतं की अंगावरच्या बाळालाही दोन आणि तीन यांतला फरक जाणवतो, कोंबडीच्या पिलालाही जाणवतो. तेव्हा ते परीक्षेपुरतं वाचून सोडून दिलं होतं. आता तात्यांची दोन करडांची शेळी रोज डोळ्यांसमोर होती. एक करडू पोटाशी आणि दुसरं दिसेना, की ती ओरडायला लागायची. तिला पाढे कुणी शिकवलेले नव्हते. ही समज माणसापेक्षा फार जुनी. तिच्यावर माणसानं आधी बोटं चढवली, मग काठीवरच्या खुणा, मग आकड्यांची नावं, मग पाढे आणि सगळ्यात वर क्ष. माझं ते वरचं सगळं गेलं होतं. शेळीचं आणि माझं सामाईक होतं तेवढं शिल्लक होतं. मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा थोडं बरं वाटलं आणि तेवढाच अपमानही वाटला.

आठवड्यातून दोनदा हे मला मोटारसायकलवर बारामतीला न्यायचे. तिथं एक तरुण थेरपिस्ट मुलगी होती, गोड आणि चिकट. ती माझ्यापुढं हरभरे ठेवायची आणि मोजायला लावायची. मी "एक, दोन" म्हणायची आणि तिसऱ्या हरभऱ्याला सात म्हणायची, चौथ्याला तीस. ती तोंडावर काही दाखवत नसे, पण कागदावर लिहायची. सरावासाठी तिनं माझ्या मोबाईलवर बोलणारा कृत्रिम बुद्धीचा मास्तर घालून दिला. मराठीत विचारा, मराठीत सांगेल, कितीही वेळा विचारा, चिडणार नाही.

खरंच चिडत नव्हता. दहावीची शाब्दिक उदाहरणं तो पायरी-पायरीनं अशी सोडवायचा की ऐकत राहावं. मला कुठलं बरोबर आणि कुठलं नाही ते कळत नव्हतं, पण ओळींची चाल ओळखीची वाटायची. माझा जळफळाट व्हायचा. मी जे आयुष्यभर घासून घासून मिळवलं ते ह्याच्याकडे फुकटचं आणि माझ्याकडे हरभरे.

एका रविवारी ह्यांनी तात्यांच्या कळपाचा फोटो काढला आणि मोबाईलमधल्या मास्तरला विचारलं, यात शेळ्या किती? तो लगेच म्हणाला, "या चित्रात पंधरा शेळ्या आहेत." तात्या ओट्यावरच होते. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"सोळा हायती. ही काळी त्या मागं हाय. तिचा कान दिसतोय बघा."

ह्यांनी त्याला सांगितलं, अरे, सोळा हायत. तो म्हणाला, "माफ करा, तुमचं बरोबर आहे. सोळा शेळ्या आहेत." ह्यांना खोडी सुचली. "न्हाय न्हाय, सतरा हायत." तो म्हणाला, "बरोबर, आता नीट पाहिल्यावर सतरा दिसतात." तात्यांना हसू आवरेना. "ह्याला सरपंच करा," ते म्हणाले. "समद्यांचं ऐकतोय."

मी हसले नाही. कारण मला त्याचं वागणं परकं वाटत नव्हतं. चाळीस, नऊ, शहात्तर. मीही अशीच प्रत्येक उत्तराला मान डोलावली होती. शेळीकडे समज होती आणि आकड्यांची नावं नव्हती. ह्याच्याकडे माणसानं लिहिलेल्या सगळ्या आकड्यांचा डोंगर होता, पण शेळी हरवली म्हणून तो कधी रानात गेला नव्हता. हरवल्यावर त्याचं काही जात नव्हतं, म्हणून त्याला खुपतही नव्हतं. आणि मला खुपत नव्हतं, ते कशामुळे? मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पण घेतली.

थंडी संपली तरी माझे हरभरे सुधारले नाहीत. मी राजीनाम्याचा मसुदा मनात तयार केला. त्यात तारखेची जागा मोकळी ठेवली होती, कारण तारीख म्हणजे आकडा.

मग तात्यांची ज्वारी निघाली. इंदापूरला दिलेल्या लेकीला ते दर वर्षी ज्वारी पाठवतात आणि ती मापानं मोजून देतात. घरात वजनकाटा आहे. ह्यांनी विचारलंही, काट्यावर टाका की. तात्या म्हणाले, "काट्याला काय कळतंय? लेकीचं धान्य पायलीनं द्यायचं." अंगणात ताडपत्रीवर ढीग होता, हे पोत्याचं तोंड धरून उभे होते, मी नुसती बाजूला बसले होते. तात्यांनी पायली भरली, "लाभ" म्हणून पोत्यात ओतली. दुसरी भरली, "दोन" म्हणून ओतली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेकीचाच होता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते बोलायला भिंतीच्या आडोशाला जातात. जाताना पायली माझ्या हातात देऊन म्हणाले, "वत तवर."

मी पायली भरली, ओतली आणि माझ्या तोंडून आलं, "बरकत."

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. शेतकरी लाभ म्हणतात, आमच्यात बरकत म्हणतात. पुढं दोन, तीन, चार, सगळ्यांचं सारखं. माहेरी, लोणी भापकरला, अब्बांचं धान्याचं दुकान होतं आणि शाळेत घालायच्या आधीपासून मी त्यांच्याबरोबर माप धरायची. अब्बांचा हात दुखला की चाचा घ्यायचे, चाचा थकले की मी. हात बदलला की मोजणी नव्यानं, बरकतीपासून. आपापलं माप आपण लक्षात ठेवायचं आणि शेवटी एकत्र करायचं. दुसऱ्याचं पुढं ओढलं तर घोळ होतो, असं अब्बांचं म्हणणं होतं.

हे सगळं मला तेव्हा आठवलं नाही. मी नुसती ओतत होते. बरकत, दोन, तीन, चार. पायली भरायची, हातानं वर सपाट करायची, ओतायची, म्हणायचं. आकडे एकामागून एक येत होते, कुठंही अडत नव्हते. समोर हे पोतं घट्ट धरून उभे होते. नंतर म्हणाले, श्वास घ्यायचं भ्या वाटत होतं. सोळाला ढीग संपला.

तात्या फोन कानाला लावूनच आले. "किती भरलं?"

"सोळा."

"सोळा पायल्या देतोय गं," ते फोनमध्ये म्हणाले.

आणि मला खुपलं. उलटी चप्पल पायात घातल्यावर होतं ना, तसं. काय चुकलंय ते माहीत नव्हतं, पण सोळा हे काही खरं नव्हतं.

"तात्या, थांबा. सोळा न्हाय."

"मग किती?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "तुमी बोलू नका." इतकं जोरात म्हटलं की तात्यांनाही ऐकू गेलं. मी पोत्याकडे बघत राहिले. माझी बरकत पहिली नव्हतीच. तिच्याखाली तात्यांचा लाभ होता. लाभावर त्यांचं दोन होतं. मग मी आले होते. म्हणजे माझ्या सोळांखाली तात्यांची दोन मापं दबून बसली होती. मी दोन बोटं दुमडली. सोळा. सतरा. अठरा.

"अठरा," मी म्हटलं.

तात्या संशयी माणूस. लेकीला "मागनं बोलतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला, पोतं ताडपत्रीवर पालथं केलं आणि पुन्हा लाभपासून मोजायला बसले. मी आयुष्यात इतक्या बोर्डाच्या निकालांची वाट बघितली, पण अशी कधी बघितली नव्हती. शेवटची पायली ओतून ते म्हणाले, "अठरा. बराबर हाय तुमचं."

हे तिथंच मोकळ्या जमिनीवर बसले आणि डोळे पुसायला लागले. मी रडले नाही, मला हसू येत होतं. इतकं हायसं मला दवाखान्यातून सुटले तेव्हाही वाटलं नव्हतं. अठरा बरोबर आले म्हणून नव्हे. सोळा मला टोचलं म्हणून.

पुढच्या खेपेला थेरपिस्टनं हरभरे मांडले तेव्हा मी बरकत म्हणूनच सुरुवात केली. "एक म्हणा ना, मॅडम," ती म्हणाली. मी म्हटलं, एक म्हटलं की पुढचा रस्ता बंद होतो, बाळा, हा दरवाजा उघडा हाय. तिनं विसापर्यंत ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, तुम्हाला हवं ते म्हणा. पुढं तीच कागदावर पहिल्या हरभऱ्याला बरकत लिहायला लागली. पुण्याची मुलगी, बारामतीच्या दवाखान्यात बसून बरकत लिहीत होती. मी तिला दुकानात माप धरायला घेतली असती.

सगळं सरळ झालं असं नाही. बेरजा आधी आल्या, वजाबाक्या रुसून बसल्या. तेरापासूनचे पाढे महिनाभर दारात घुटमळले आणि अडीचकी आलीच नाही. पण उत्तराच्या तोंडाकडे बघणं आलं होतं, त्यामुळे मी निवांत होते. मोबाईलमधल्या मास्तरचं एक उदाहरण मी चुकीचं आहे म्हणून पकडलं, तेव्हा त्यानं माफी मागितली. मग मीही ह्यांच्यासारखी खोडी काढली आणि बरोबर उत्तराला चूक म्हटलं. ह्या वेळी तो ठाम राहिला, म्हणाला, नाही, हे बरोबर आहे, पुन्हा पाहूया. मधल्या काळात कुणीतरी त्यालाही सुधारलं असावं. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

राजीनामा मी लिहिला नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि हेडमास्तरांनी मला दहावीऐवजी आठवीचा वर्ग दिला. मला राग आला. मग वर्गाच्या दारात पोहोचेपर्यंत मी दोनदा मागं वळले आणि आठवी दिली हे बरंच झालं असं वाटलं. आत साठ डोळे. त्यांना सगळं माहीत होतं. सणसरात कुणाच्या घरी काय शिजलं ते भवानीनगरात कळतं, मग बाईंचं डोकं कसं लपेल.

मी कंस सोडवायचं उदाहरण घेतलं. कंसाबाहेर तीन, आत क्ष अधिक चार. बाहेरच्या तीननं आतल्या दोघांनाही गुणायचं असतं. पोरी पहिल्याला गुणतात आणि दुसऱ्याला तसंच सोडतात. ह्या एका चुकीपायी मी सव्वीस वर्षांत किती घसा कोरडा केला असेल. मी खडू घेतला, तीन क्ष लिहिलं, अधिक चिन्ह काढलं आणि पुढं चार लिहिलं. नुसते चार.

खडू चारावरून उचलला आणि टोचलं. कुठं ते अजून दिसलं नव्हतं, पण थांब म्हणून आतून कुणीतरी पदर ओढला. मी डस्टर घेतला. त्याच वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चुकलं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला कळलं होतं."

वर्गात खसखस पिकली. फळ्यावर चुकलेल्या शिक्षकांची ही सगळ्यांत जुनी थाप, पोरींना ती पाठ असते. मी चार पुसले, बारा लिहिले आणि डोळे कोरडे होईपर्यंत फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले. त्या पोरीचा जन्मात विश्वास बसायचा नाही. पण तिनं तोंड उघडलं तेव्हा डस्टर माझ्या हातात होता.